दादाभाऊंच्या चुन्यात आमचा हिरडा

“चुना कालवायला तुम्ही शिकवणार, आणि वर पैसेही तुम्हीच आम्हाला देणार? सर, यात तुमचं नुकसान नाही का?”

हा प्रश्न माझ्या तोंडून निघाला खरा, पण तो होता माझ्या मैत्रिणींचा, मंगल आणि जयाचा. पैज अशी होती की मी हे उभं राहून, मोठ्यानं आणि न हसता विचारायचं. विचारलं तर आठवडाभर माझी गरम पाण्याची बादली त्या दोघी आणणार. आमच्या आश्रमशाळेच्या वसतिगृहात सकाळी गरम पाण्याची रांग कुठपर्यंत जाते हे ज्याला माहीत आहे, त्याला या पैजेची किंमत कळेल.

आणखी एक सांगते. वर्षभरापूर्वी हे मला जमलंच नसतं. तेव्हा मी हजेरीला ‘हजर’सुद्धा बेंचकडे बघून म्हणायचे. मग गॅदरिंगच्या दिवशी सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीचा घसा बसला, बाईंनी हाताला लागेल तिला स्टेजवर ढकललं, आणि हाताला लागले मी. दोन तास बोलले. मंगल म्हणते, तेव्हापासून नळाची चावीच तुटली आहे.

तर प्रश्न विचारला. सगळी बारावी खुदखुदली. पाहुणे म्हणून आलेले ऋषी सर पुण्याचे, जुन्या इमारती दुरुस्त करणारे, वयानं आमच्या पीटीच्या सरांएवढेच. ते रागावले नाहीत.

“नुकसान आहे ना,” ते म्हणाले. “पण आत्ता नाही शिकवलं तर पुढे जास्त नुकसान आहे. चुन्याचं जुनं काम येणारी माणसं या भागात मला शोधून शोधून पाच सापडली. त्यातल्या एकाचा गुडघा गेलाय.”

त्यांच्या शेजारी खुर्चीच्या कडेवर बसलेले पांढऱ्या टोपीतले म्हातारे म्हणाले, “त्यो गुडघा माजाच.”

ते दादाभाऊ मिस्त्री, निरगुडसरचे. त्या क्षणी मला ते आवडले.

सरांनी मग सगळं नीट सांगितलं. जुन्नरच्या बाजारपेठेत दगडी धर्मशाळा आहे, तिची दुरुस्ती दोन वर्षं चालणार. जूनपासून वर्षभर प्रशिक्षण, महिन्याला विद्यावेतन, पुढे काम. अठरा पूर्ण हवीत. आमच्या शाळेला जागा दोन. त्याआधी भाऊबीज झाली की पंधरा दिवस चाचणी, सहा जणांची. त्यातून दोघं निवडणार. आणायच्या सामानाची यादी फळ्यावर लिहिली, त्यात शेवटी होतं: हिरडा, फोडून, चार किलो, बाजारातून आणू.

मी पुन्हा उभी राहिले. या वेळी पैज नव्हती. “सर, हिरडा विकत? आमच्या घाटघरात हिरडा विकत आणला तर गावात तोंड दाखवता यायचं नाही. मी आणते.”

“आण,” सर म्हणाले, आणि सहा नावांत पहिलं नाव माझं लिहिलं. भागीरथी. सगळे भागू म्हणतात.

घरी मात्र दुसरीच तयारी चालली होती. बाबांनी मंचरच्या नर्सिंगचं माहितीपत्रक आणून देवळीत ठेवलं होतं, गणपतीच्या फोटोमागे, म्हणजे हरवणार नाही. मी चाचणीचं सांगितलं तर ते बराच वेळ बैलाच्या शिंगाला तेल लावत राहिले.

“शिकायचे पैशे कोन देतं गं?” ते म्हणाले. “आमी तर ऐकलं न्हाई. शिकायचं म्हनलं की मास्तरला द्यावं लागतं. हे उलटं कसं? काहीतरी गोम आसंल.”

“डॉक्टर शिकतात तेव्हा त्यांनाही शेवटी शेवटी मिळतात, बाबा.”

“ते डाक्टर. तू भिंती लिंपनार. आन् परांचीवर चढनार? पोरीच्या जातीनं?”

“मी हिरड्याच्या झाडावर चढते तेव्हा पोरीची जात कुठे असते?”

आई चुलीकडे तोंड करून हसली. बाबा म्हणाले, “पंधरा दिस जा. पन फारम नर्सिंगचाच भरायचा.” एवढ्यावर मिटलं.

मग हिरडा. आमच्याकडे तो दोन तऱ्हेचा असतो. कोवळा असतानाच झाडावरून काढून वाळवला की तो बाळहिरडा. काळा, सुरकुतलेला, मनुक्यासारखा, आणि त्याला भाव चांगला. तो वर्षाच्या मिठामिरचीला उपयोगी पडतो. झाडावर पिकून पडतो तो मोठा हिरडा. पिवळट, टणक, त्याला कोण विचारत नाही. पडवीत दोन्हींची पोती होती. मी मोठ्या हिरड्याच्या पोत्यात हात घातला तर आईनं तो धरला.

“ह्ये नेनार? साहेब लोकांम्होरं?”

“आई, भिंतीत घालायचंय.”

“भितीत घाल न्हाय तर वढ्यात. घाटघरच्या लंकाबाईनं पडीचा माल पाठवला म्हनतील. त्ये न्हाई व्हायचं.” आणि तिनं भाव चढेल म्हणून आठ महिने राखलेलं बाळहिरड्याचं पोतं सोडलं, चार किलो मोजून काढला, वर मूठभर जास्त घातला. आम्ही दोघींनी मिळून उखळात कुटला. त्याची पूड केली म्हणा ना. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. असा हिरडा धर्मशाळा बांधणाऱ्यानंसुद्धा बघितला नसेल.

धर्मशाळा बाजारपेठेच्या मध्यावर आहे. समोर धरमचंद शेठचं भुसाराचं दुकान, शेजारी मोबाईलचं. आत गेलं की एकदम गार. पहिले तीन दिवस आम्ही काही बांधलंच नाही. भिंतीवर कुणीतरी मधल्या काळात सिमेंट थापलं होतं, ते छिन्नीनं काढलं. छिन्नी हळू मारायची, कारण खालचा दगड आपल्यापेक्षा मोठा आहे, वयानं. असं दादाभाऊ म्हणायचे. ते खुर्चीवर बसून आवाजावरून ओळखायचे.

“कोन हाय त्यो घाई करनारा?”

“मी, मंगल.”

“भाकरी थापती का भिंत फोडती?”

मंगल माझ्याबरोबर सहांत होती. जया नव्हती, तिला धुळीचा त्रास. बाकी आमच्याच वर्गातला आंबेगावकडचा सयाजी, जो पंधरा दिवसांत सगळे मिळून वीसेक शब्द बोलला असेल, आणि आणखी तिघं.

चुना दादाभाऊंनी दिवाळीच्या आधीच भिजवून ठेवला होता. आवारातल्या हौदात तो लोण्यासारखा पांढरा, वर पाणी. त्याला ते दुरूनच बघायचे, जसं कुणी विरजणाला बघतं. तीस वर्षं हे काम कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. सिमेंट आलं आणि ते गवंड्यांच्या हाताखाली विटा देत राहिले. हे त्यांनी स्वतः सांगितलं नाही. सरांनी सांगितलं.

पहिल्याच दिवशी मोठ्या पिंपात पाणी, गूळ आणि आमचा हिरडा घालून आंबायला ठेवला. ते तुरट पाणी चुन्याला घट्टपणा देतं. सरांच्या वहीत प्रमाण लिहिलेलं होतं, किती पाण्याला किती किलो. मी पिशवी ओतली तेव्हा त्यांनी विचारलं, “एवढा बारीक?”

“घरची कुटाई आहे, सर.”

चौथ्या दिवशी ते आंबलेलं पाणी घालून चुना, वाळू आणि विटांची भुकटी कालवली. प्रत्येकाला भिंतीवर एकेक चौकोन आखून दिला. माझा दाराशेजारी. थापीनं माल मारायचा, दाबायचा, ओळंबा लावून बघायचा. माझा चौकोन पोटाला फुगला होता. सयाजीचा असा सपाट की त्यावर पट्टी टेकवली तर मागे फट दिसली नसती. पण मीही लावला, भिंतीला, माझ्या हातानं, आणि तो पडला नाही. संध्याकाळी हात धुताना मंगलला म्हटलं, “मला हेच करायचंय.” ती म्हणाली, “तुला गॅदरिंगनंतर निवेदिका व्हायचं होतं.” मी म्हटलं, “ते वेगळं. हे पोटातून येतंय.” ती म्हणाली, “भूक असेल.”

दोन दिवस गेले, तरी चौकोन ओले. तिसऱ्या दिवशी दादाभाऊंनी काठी टेकत येऊन माझ्या चौकोनावर नख दाबलं. नख आत गेलं. सयाजीच्या दाबलं, तिथेही. सहाच्या सहा. वरून तपकिरी पाणी सुटलेलं, खाली लोणी.

सर वही घेऊन भिंतीपुढे उभे राहिले. “प्रमाण बरोबर आहे. वाळू धुतलेली. मग राहिला चुना.” ते दादाभाऊंकडे न बघता म्हणाले, “दादाभाऊ, चुना नीट भिजला नसेल का?”

दादाभाऊंनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. “आसंल बी. तीस वर्सं झाली. हात इसरला आसंल.”

“मग उद्या हौद रिकामा करू. दुसरीकडून तयार चुना मागवतो. चाचणीचे दिवस थोडेच राहिलेत.”

दादाभाऊंनी खुर्चीवर बसून आपली थापी पुसली आणि फडक्यात गुंडाळायला लागले. ते फडकं ते रोज संध्याकाळी काढायचे. तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते.

आम्ही ओट्यावर डबे उघडले. मंगलला दोन दिवस खोकला होता, तिच्या आईनं दिलेला हिरडा ती गालात धरून बसली होती. तो चघळून झाला, तेव्हा तिनं बी थुंकली. ती समोरच्या पत्र्याच्या डब्यावर पडली. टण.

मी भाकरीचा घास तसाच हातात धरला.

“मंगे, ती बी केवढी आहे गं?”

“हिरड्याची असते तेवढी. का?”

“मोठा हिरडा ना हा?”

“मग खोकल्याला काय बाळहिरडा देतील? सोनं आहे का मी?”

मी उठले, आवारात गेले, पिंपाच्या तळाशी राहिलेल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. जीभ अशी आखडली की डोळ्यांतून पाणी आलं. लहानपणापासून हिरडा खातेय, पण हे म्हणजे कुणीतरी जीभ पिळून वाळत घातल्यासारखं. सरांच्या वहीतलं प्रमाण अख्ख्या पिकल्या हिरड्याचं. त्यात निम्मं वजन बीचं. बी पाण्यात काय देणार, नुसती बसून राहणार. आणि आमच्या बाळहिरड्याला बीच नसते. चार किलो म्हणजे चारही किलो नुसता हिरडाच, वर आईची मूठ. एवढ्या तुरट पाण्यानं चुना धरणार कसा?

परत येऊन मंगलला सांगितलं. तिनं आधी मागे बघितलं, मग माझं मनगट धरलं.

“गप बस. जागा दोन आहेत. तू सांगितलंस तर सगळ्यांचे चौकोन तू बिघडवलेस असं होईल. तुझी जागा गेली म्हणून समज. नवीन चुना येईल, नवीन पाणी होईल, कुणाला कळायचं नाही.”

“आणि दादाभाऊ?”

“त्यांना काय, वय झालंय.”

असं म्हणून ती स्वतःच खाली बघायला लागली. मंगल वाईट नाही. ती माझ्या बाजूनं बोलत होती, आणि खरं सांगायचं तर मलाही दोन मिनिटं ते पटलं. एकदा जागा गेली की देवळीतलं माहितीपत्रक होतंच. शिवाय घरी आईला काय सांगू? तुझ्या राखलेल्या मालानं भिंत नासली?

पण फडकं बांधून झालं होतं. दादाभाऊ काठी शोधत होते, आणि काठी त्यांच्या हातातच होती.

“सर,” मी म्हटलं. गॅदरिंगला होता तसा आवाज आला नाही. परत म्हटलं, “सर, चुना चांगला आहे. हिरडा चुकलाय. तो आमच्या घरचा आहे.”

“चुकलाय म्हणजे? किडका होता?”

“नाही. फार चांगला होता. बाळहिरडा.”

“तो वेगळा असतो?” सर म्हणाले.

ओट्यावरच्या सगळ्यांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जणू त्यांनी गाय आणि म्हैस वेगळी असते का विचारलंय. दादाभाऊंची काठी खाली पडली.

“बाळहिरडा?” ते म्हणाले. “चुन्यात? किती?”

“चार किलो. आणि एक मूठ.”

“आरं द्येवा. पोरी, ज्यानं ही धर्मशाळा बांधली त्यो लई मोठा शेठ व्हता. पर त्यानं बी भितीला बाळहिरडा चारला न्हाई.” आणि ते हसायला लागले. हसता हसता खुर्चीवर बसले, फडक्याची गाठ सोडली, थापी परत मांडीवर घेतली. “म्हंजी चुना माजा चांगला हाय.”

सर हसले नाहीत. “चार दिवस गेले, भागीरथी. सगळ्यांचे.”

“हो सर.”

“सहाही चौकोन तू खरवडायचेस. एकटीनं. आणि नुसतं ‘हिरडा चुकला’ मला चालणार नाही. किती चुकला ते दाखव. मग निवडीचं बघू.”

त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत खरवडत होते. सयाजीचा सपाट चौकोन खरवडताना वाईट वाटलं, तो बाजूला येऊन म्हणाला, “असू दे.” हे त्याच्या वीसांतले दोन शब्द.

दुसऱ्या दिवशी मंगलच्या खोकल्याचे दहा हिरडे उसने घेतले, फोडले, बिया वेगळ्या केल्या आणि समोर धरमचंद शेठच्या दुकानात गेले. त्यांचा इलेक्ट्रॉनिक काटा ग्रॅमपर्यंत दाखवतो.

“कशाला तोलतेस?” ते म्हणाले. आमच्या गावचा हिरडा तेच घेतात, आईला चांगले ओळखतात. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“लंकाबाई? मी तीनदा निरोप पाठवला, बाई, माल काढ. म्हणते, भाव चढल्याशिवाय पोतं सुटणार नाही. आणि भिंतीला फुकट दिला? मला भिंत केलं असतं तर बरं झालं असतं.”

गर आणि बिया जवळपास सारख्याच भरल्या. म्हणजे आमचा माल दुप्पट कडक पडला होता, मुठीचं वेगळं. मी पिंपातल्या जुन्या पाण्यात तेवढंच साधं पाणी घालून एक मिश्रण केलं, आणखी पातळ दुसरं, आणि एक नुसत्या पाण्याचं. दादाभाऊंच्याच चुन्यात कालवून भिंतीवर तीन वितीएवढे चौकोन मारले. वर खडूनं लिहिलं: निम्मं, पाव, काही नाही. मग तीन दिवस मी त्यांच्याकडे इतक्या वेळा बघितलं की मंगल म्हणाली, “अंडी घातलीस का तिथे?”

तिसऱ्या दिवशी सगळे जमले. दादाभाऊंनी ‘काही नाही’वर नख ओढलं, भुकटी आली. ‘पाव’वर ओढलं, ओरखडा. ‘निम्मं’वर त्यांनी नख दाबलं, मग अंगठा, मग थापीच्या दांड्यानं टकटक केलं आणि कान लावला. “ह्ये,” ते म्हणाले. “ह्यो आवाज. आयकलाय मी ह्यो, ल्हानपनी.” आणि मग कुणी काही विचारायच्या आत सरांना म्हणाले, “साहेब, ही पोरगी मला पायजे. थापी वाकडी चालती हिची, पर त्ये माज्याकडं लागलं. हिला सोडली तर माज्या चुन्याच्या बाजूनं कोन बोलनार?”

सरांनी वही उघडली आणि हिरड्याच्या ओळीत ‘पिकलेला, बीसकट’ असं लिहिलं. खाली बाळहिरड्याची वेगळी ओळ. शेवटच्या दिवशी दोन नावं वाचली. सयाजी आणि मी. मंगल म्हणाली, “माझा खोकला तुझ्या कामी आला हे विसरू नकोस. मी नर्सिंगलाच जाते, तिथे बी थुंकायला मना असेल बहुतेक.” पंधरा दिवसांच्या भत्त्याचं पाकीट प्रत्येकाच्या हातात दिलं, सही घेतली. मी ते उघडलं नाही. बाबांनी उघडावं असं वाटलं.

घाटघरची एसटी दुपारी पोचते. आई अंगणात नाचणी पाखडत होती, बाबा ओट्यावर. त्यांच्या मांडीवर माहितीपत्रक, त्यावर माझे दोन फोटो टाचणीनं लावलेले.

“हिरडा लागला का कामाला?” आईनं सूप न थांबवता विचारलं.

“लागला. लईच लागला. सगळी भिंत चार दिवस ओली ठेवली त्यानं.”

तिला सगळं सांगितलं. सूप थांबलं. मला वाटलं चिडेल. ती म्हणाली, “म्हंजी इतका कडक हाय माल?” आणि बाबांकडे बघून, “आयकलं का? शेठला सांगा आता भाव.”

मी पाकीट बाबांच्या हातात दिलं. त्यांनी उघडून आत बघितलं, पाकीट उलटं करून बघितलं, शिक्का वाचला. गोम कुठे आहे ते शोधत होते. सापडली नाही. मग माझे हात हातात घेऊन उलटेसुलटे केले. बोटांच्या टोकांना चुन्यानं सालं निघाली होती.

“हे आसं व्हनार का वर्सभर?”

“दादाभाऊ म्हणतात, रोज खोबरेल लावलं की महिन्यात सवय होते.”

“आन् परांची?”

“दोरी बांधतात कमरेला. तुम्ही या बघायला. दादाभाऊंनी बोलावलंय, चुना दाखवायचाय त्यांना कुणालातरी.”

बाबांनी माहितीपत्रकावरचे फोटो अंगठ्यानं सरळ केले.

मी ओट्याच्या पायरीवर उभी राहिले. बसून सांगता आलं असतं, पण मला उभं राहून बोलायची सवय लागली आहे.

“आई, बाबा, मी विचारायला नाही आले, सांगायला आले. बारावी मी नीट पास होईन, ते माझ्याकडे लागलं. एप्रिलमध्ये मला अठरा पूर्ण होतात, जूनपासून मी जुन्नरला दादाभाऊंच्या हाताखाली चुन्याचं काम शिकणार, आणि प्रशिक्षणाच्या कागदावर सही माझी मीच करणार. नर्सिंगच्या माहितीपत्रकावरचे फोटो काढून द्या, जुन्नरला दोनच लागतात. आणि हिरडा या वेळी मी निवडणार, आई. पडीचा.”